दुसरा शाईपेन घेताय? खिसा, हात आणि लिपी बघून घ्या

पहिला शाईपेन घेऊन पाच-सहा महिने झाले. बोटांवरच्या निळ्या डागांची सवय झाली, घरच्यांच्या टोमण्यांचीही झाली. आता दुसरा घ्यावासा वाटतोय. मोबाइलवर व्हिडिओ बघून यादी तयार आहे. ईदीचे म्हणा किंवा पहिल्या पगारातून बाजूला काढलेले म्हणा, हजार-दोन हजार रुपये हाताशी आहेत. प्रश्न एवढाच, की घ्यायचा कोणता?

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. दुसरा पेन पहिल्यापेक्षा महाग असायची गरज नाही, तो पहिल्यापेक्षा वेगळा असायला हवा. आणि तुम्ही जी लिपी लिहिता तिला तो मानवायला हवा. पेनवरचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी केलेले असतात. आपल्यातले कित्येक जण एका दिवसात मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही लिहितात. तिथे निबेचं गणितच बदलतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

हे सांगायचं कारण असं, की शाईपेनचा नाद बरेचदा या दुसऱ्याच पेनवर सुटतो. पहिला शंभर-दोनशेचा असतो, त्याच्याकडून फार अपेक्षा नसते. दुसऱ्यावर मन आणि पैसे दोन्ही लावलेले असतात. तो हातात खरखरला, वहीवर शाई फुटली किंवा आठवडाभरात सुकला, की तो ड्रॉवरमध्ये जातो आणि माणूस परत पाच रुपयांच्या बॉलपेनकडे वळतो. दोन हजार गेले ते गेलेच, वर लिहिण्याची गोडीही गेली.

आधी पहिल्या पेनची तक्रार ओळखा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा, की आत्ताच्या पेनचं नेमकं काय आवडत नाही. मधेच लिहायचं थांबतो? कागदाला टोचतो? रेघ जाड येते? शाई लवकर संपते? पकडून बोटं दुखतात? प्रत्येक तक्रारीचं औषध वेगळं आहे, आणि गंमत म्हणजे यातल्या निम्म्या तक्रारींचं औषध नवा पेन नाहीच.

पेन मधेच थांबत असेल तर आधी तो धुवा. नव्या पेनच्या आत कारखान्यातल्या तेलाचा पुसट थर राहिलेला असू शकतो, आणि तेलावर शाई नीट धरत नाही. साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकून पेन तीन-चार वेळा भरा आणि रिकामा करा. मग नुसत्या पाण्याने साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. पाणी गरम नको, स्पिरिट तर अजिबात नको, प्लास्टिकचे भाग त्यात बिघडतात. स्वस्त पेनांपैकी बरेच या एका धुण्याने सुधारतात.

शाई कागदावर फुटत असेल, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघत असतील, तर आधी वही बदलून बघा. किराणा दुकानातल्या पातळ पानांच्या वहीवर चाळीस हजारांचा पेनही फुटेल. वहीवर जीएसएम लिहिलेलं असतं. आकडा जास्त म्हणजे कागद जाड, पण जाड म्हणजे चांगलाच असं नाही. कागदावर शाई न शोषू देणारा लेप किती आहे, त्यावर सगळं अवलंबून असतं. टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद अवघा ५२ जीएसएमचा असूनही शाईपेनवाल्यांचा लाडका आहे. आपल्याला एवढं लांब जायचं कारण नाही. चार-पाच कंपन्यांच्या वह्यांवर तोच पेन चालवून बघा, फरक एका ओळीत कळतो.

शाईचंही तसंच. काही शाया ओल्या वाहतात, काही कोरड्या. ओली शाई जाड रेघ काढते आणि उशिरा वाळते. तोच पेन शाई बदलली की वेगळा वाटतो. म्हणून आम्ही म्हणतो, दुसऱ्या पेनच्या बजेटमधले दीडशे-दोनशे रुपये आधी एक वेगळी शाई आणि एक बरी वही यांवर घालवा. त्यानंतरही तक्रार उरली तरच पेन घ्यायला निघा.

एक धोक्याची सूचना इथेच देऊन ठेवतो. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, जिला इंडिया इंक म्हणतात, ती शाईपेनमध्ये चुकूनही भरू नका. तिच्यात लाखेसारखा चिकट पदार्थ असतो. ती आत वाळली की पेन कायमचा बसला असंच समजा. बाटलीवर फाउंटन पेन इंक असं लिहिलेलं असेल तीच घ्या. चमकीवाल्या शायाही या टप्प्यावर नकोत, त्यांची चमकी निबेच्या चिरेत साठून राहते.

निब: इथेच खरा निर्णय होतो

शाईपेन चालतो कसा, हे एकदा समजलं की निवड सोपी होते. निबेच्या मधोमध एक बारीक चीर असते, तिच्या दोन बाजूंना दोन पाती. निबेखाली खाचांची काळी पट्टी असते. कारागीर तिला जीभ म्हणतात, कंपन्या फीड म्हणतात. शाई या जिभेच्या बारीक वाटांमधून केशाकर्षणाने टोकापर्यंत येते. जितकी शाई बाहेर जाते, तितकी हवा उलट दिशेने आत शिरते. हे देणं-घेणं बिघडलं की पेन एकतर थांबतो, नाहीतर गळतो. अमेरिकेत लुइस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये ज्या फीडचं पेटंट घेतलं, ते याच देण्याघेण्याला लगाम घालणारं होतं.

निबेचं टोक एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम, ब्रॉड अशा जाडीचं मिळतं. पण हे शब्द मापं नाहीत, प्रत्येक कंपनीची फुटपट्टी वेगळी. जपानी निबा युरोपीय निबांपेक्षा साधारण एक पायरी बारीक असतात. जपानी मीडियम म्हणजे जवळपास जर्मन फाइन. याला कारणही आहे. जपानी लिपीत एका चौकोनात खूप रेघा बसवाव्या लागतात.

आपल्या लिपींचंही तेच दुखणं आहे. देवनागरीत ‘ष्ट्र’, ‘क्ष्म’, ‘द्ध’ जाड निबेने लिहून बघा, मधली पोकळी भरून जाते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक एका छोट्या मोकळ्या जागेचा आहे. ती जागा शाईने बुजली की वाचणाऱ्याने अंदाजाने वाचायचं. परीक्षेचे पेपर तपासणारा अंदाजाने वाचतो का, ते विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावं.

उर्दूत तर सगळी मदार नुक्त्यांवर. बे, पे, ते, से यांची बैठक एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. पे, चे, से, शीन यांचे तीन नुक्ते ओल्या मीडियम निबेने टाकले, की त्यांचा एक गोळा होतो. मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्याला चालेल, पण रेघांच्या वहीत नेहमीच्या आकाराचं उर्दू लिहायचं तर फाइनच लागते. जपानी फाइन असेल तर उत्तम.

आता उर्दूची दुसरी अडचण. उजव्या हाताने मराठी लिहिताना हात कोऱ्या कागदावरून पुढे जात असतो. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे तोच उजवा हात नुकत्याच लिहिलेल्या शब्दांच्या बाजूला येतो. हात ओळीच्या खाली ठेवायची सवय असेल तर ठीक, नाहीतर करंगळीची बाजू निळी होणार आणि ओळ पुसटणार. म्हणजे मराठी लिहिणाऱ्या डावखुऱ्याला जो त्रास होतो, तोच उर्दू लिहिणाऱ्या उजव्या माणसाला. उपायही दोघांना एकच: बारीक निब, लवकर वाळणारी शाई आणि हाताखाली टीपकागदाचा एक तुकडा. ओली वाहणारी जाड निब दोघांनीही टाळावी, मग व्हिडिओत ती कितीही देखणी दिसो.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. निबेची दोन पाती एका पातळीत नसली, की पेन एका दिशेने गुळगुळीत चालतो आणि दुसऱ्या दिशेने टोचतो. दुकानदार पेन तपासून देतो तो इंग्रजी सही करून किंवा डावीकडून उजवीकडे नागमोडी रेघ ओढून. त्यात दोष दिसत नाही. घरी येऊन उर्दू लिहायला घेतलं की डावीकडे जाणारी प्रत्येक लांब रेघ खरवडायला लागते. तेव्हा दुकानात तुमच्या लिपीत लिहा. आपलं पूर्ण नाव मराठीत आणि उर्दूत, मग दोन्ही दिशांनी आठचा आकडा. एवढं केलं की पुरे.

स्टब निबेबद्दल नवख्यांना फार कुतूहल असतं. तिचं टोक चपटं कापलेलं असतं. उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते, इंग्रजी अक्षर एकदम ऐटबाज दिसतं. म्हणून काही जण खुशखतीसाठी ती घेतात आणि निराश होतात. नस्तालीकमध्ये ‘बे’ची लांब आडवी बैठक भरदार यायला हवी. स्टब नेहमीसारखी धरली तर नेमकी तीच बारीक पडते. कातिबाचा कलम तिरका कापलेला असतो आणि तो धरायचा कोनही वेगळा असतो. खुशखत शिकायची असेल तर बोरू किंवा रुंद सपाट टोकाचा पायलट पॅरलल घ्यावा, ते वेगळं काम आहे. रोजच्या लिखाणाचा पेन आणि खुशखतीचा पेन एकाच पैशात उरकायचा प्रयत्न करू नका.

सोन्याच्या निबेचा विचार तर आत्ता डोक्यातूनच काढा. स्टीलची चांगली निब वर्षानुवर्षं टिकते. कागदावर घासतो तो टोकावरचा कठीण धातूचा बारीक मणी, सोनं नव्हे. आणि स्वस्त निबेवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असं कोरलेलं दिसलं, तर ती जर्मनीत बनली असेलच असं धरून चालू नका.

शाई कुठे साठते, यावर खर्च ठरतो

पेन खिशात गळू नये, ही मागणी हजार वर्षांपूर्वीही होती. दहाव्या शतकातले फातिमी खलिफा अल-मुइज्ज यांनी असा कलम मागितला होता, ज्याला दौत लागणार नाही, शाई आतच राहील आणि बाहीत ठेवला तरी कपड्यावर डाग पडणार नाही. कारागिराने तसा कलम करून आणल्याची हकीकत काझी अल-नुमान यांनी लिहून ठेवली आहे. तो कलम आज उपलब्ध नाही, पण मागणी तीच राहिली आहे. जुम्म्याच्या पांढऱ्या कुर्त्याच्या खिशाला पेन लावणाऱ्या कुणालाही विचारा.

आज बाजारात तीन-चार पद्धती आहेत. कार्ट्रिज म्हणजे शाईची तयार नळी. सोयीची, पण महाग पडते. छोट्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम पाऊण मिली शाई असते. ६० मिलीची एक बाटली म्हणजे तशी ऐंशी कार्ट्रिजं. हिशेब तुम्हीच करा. शिवाय पायलट, प्लॅटिनम, लॅमी, पार्कर यांची कार्ट्रिजं आपापल्या घरचीच, एकमेकांना बसत नाहीत. लहान गावात राहत असाल तर ती संपल्यावर मिळणार कुठे, हे आधी बघा. एक जुगाड आहे: रिकामी कार्ट्रिज धुऊन मेडिकलमधल्या पाच मिलीच्या साध्या सिरिंजने बाटलीतली शाई भरायची. हे छान चालतं, फक्त सुई लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

कन्व्हर्टर म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी फिरकीची नळी. साधारण अर्धा ते एक मिली शाई घेते आणि बाटलीतून भरता येते. पेनसोबत ती येते की वेगळी घ्यावी लागते, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. लॅमी सफारीबरोबर बरेचदा ती येत नाही. दोन हजारांचा पेन घेऊन आल्यावर आणखी काही शे रुपयांचं निघालं, की चिडचिड होते.

तिसरी पद्धत आपल्याकडची जुनी ओळखीची, ड्रॉपरने थेट पेनच्या पोटात शाई भरायची. दोन-तीन मिली आरामात मावते. दिवसाला वीस-वीस पानं लिहिणाऱ्याला, स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला, वकिलाला याच्यासारखं स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. पण एक खोड आहे. पोटात शाई कमी आणि हवा जास्त झाली, की हाताच्या उबेने हवा फुगते आणि निबेतून शाईचा थेंब ढकलते. म्हणून पाव भाग उरला की परत भरून टाकायचा, पूर्ण संपेपर्यंत थांबायचं नाही. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं. उन्हाळ्यात तो खिशात न ठेवता डब्यात ठेवायचा. विमानातही हेच कारण: वर हवेचा दाब कमी होतो, आतली हवा पसरते. आखातात ये-जा करणाऱ्यांनी पेन एकतर काठोकाठ भरून न्यावा किंवा रिकामा, आणि निब वरच्या बाजूला राहील असा.

पिस्टन भरणीचे पेन जास्त शाई घेतात आणि देखणेही असतात. तैवानचा ट्विस्बी इको त्यात सगळ्यांना माहीत. पण तो दुसऱ्या नाही, चौथ्या-पाचव्या पेनच्या बजेटचा आहे.

मग कोणता?

किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे आम्ही अंदाजे टप्पेच सांगतो.

पाचशेच्या आत घ्यायचा असेल तर प्लॅटिनम प्रेपी मिळतोय का बघा. प्लास्टिकचा साधा पेन, दिसायला काही विशेष नाही, टोपणाला चिराही जातात. पण त्याच्या टोपणात आतून एक सील आहे, त्यामुळे पंधरा दिवस हात लावला नाही तरी पहिल्या रेघेला लिहायला लागतो. निबेची जाडी पेनवरच ०२, ०३, ०५ अशी छापलेली असते. उर्दू आणि मराठी दोन्हीसाठी ०३ घ्यावा असं आमचं मत. याच टप्प्यात मुंबईच्या एअरमेल कंपनीचे ड्रॉपरने भरायचे पेन येतात. ते जुन्या वळणाचे आहेत, हलके आहेत आणि शाई भरपूर घेतात. ज्याचा पहिला पेन कार्ट्रिजचा होता, त्याने दुसरा असा घेतला तर शाईपेनची एक पूर्ण वेगळी बाजू कळते. हीरोचा झाकलेल्या निबेचा पेन अनेकांनी शाळेतच वापरलेला असतो. तो वाईट नाही, पण तोच परत घेऊन नवीन काही कळणार नाही. शिवाय त्याच्या नकला इतक्या आहेत, की हातात आलेला खरा आहे का, हाच प्रश्न.

पाचशे ते दीड हजार हा टप्पा आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि इथे भारतीय पेन बाजी मारतात. नोएडाच्या कॅनराइटचे पेन घ्या. ही कंपनी स्वतः निबा बनवते, फाइनपासून ब्रॉडपर्यंत पर्याय देते आणि निब सुटीही मिळते. म्हणजे एकाच पेनवर आज फाइन, उद्या मीडियम लावून बघता येतं. निब बदलायला पेन बदलावा लागत नाही, हा नवख्यासाठी केवढा फायदा! मुंबईच्या क्लिकचे पेनही याच रांगेत. जपानी हवा असेल तर पायलट काकुनो. तो मुलांसाठी काढलेला असल्यामुळे निबेवर हसरा चेहरा कोरलाय, चेहरा दिसला की पेन सरळ धरलाय असं समजायचं. मोठ्यांना हे पोरकट वाटेल. निब मात्र पोरकट नाही.

दोन हजारांच्या पुढे लॅमी सफारी येतो, आणि जवळपास प्रत्येक व्हिडिओ तिथेच नेऊन सोडतो. १९८० पासून बनतोय, मजबूत आहे, निब सहज ओढून बदलता येते, डावखुऱ्यांसाठी वेगळी निबही आहे. हे सगळं खरं. पण त्याची पकड तीन बाजूंनी कापलेली आहे. पेन जसा धरायला शाळेत शिकवतात तसाच तुम्ही धरत असाल तर छान. आपल्यातले अनेक जण उर्दू लिहिताना पेन किंचित फिरवून धरतात, त्यांना ही पकड बोटांत बोचते. आणि त्याची फाइन जपानी मीडियमच्या आसपास जाते. तेव्हा सफारी आधी हातात धरून, दोन ओळी लिहून मगच घ्या. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून घेऊ नका. त्याच्यासारखे हुबेहूब दिसणारे चिनी पेन दहाव्या हिश्श्यात मिळतात. घ्यायचे तर लोक घेतातच. पण ज्याने आकार काढला त्याच्या मेहनतीची नक्कल विकत घेण्यापेक्षा, त्याच पैशात आपल्याकडच्या कारागिराचा साधा पेन बरा, असं आम्हाला वाटतं.

त्या कारागिरांबद्दल दोन शब्द. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते लेथवर हाताने कातून पेन करायची कला आपल्या देशात अजून जिवंत आहे. राजमहेंद्रीचे रत्नम पेन १९३० च्या दशकात स्वदेशीच्या हाकेतून उभे राहिले. हैदराबादच्या आबिड्स भागातलं सिद्दीकी कुटुंबाचं डेक्कन पेन स्टोअर्स १९२८ पासूनचं. कोलकात्यात एस्प्लनेडजवळचं पेन हॉस्पिटलही एका मुस्लिम कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलं, तिथे जुन्या पेनांवर इलाज होतो. हाताने कातलेला एबोनाइट पेन हजार-दीड हजारांच्या पुढे सुरू होतो. हातात उबदार लागतो, घामाने निसटत नाही, आणि एबोनाइटमधून हाताची उष्णता लवकर आत जात नसल्याने ड्रॉपर भरणीला बरा पडतो. उन्हात ठेवला तर मात्र रंग उतरतो. थोडा रबराचा वासही येतो, पहिल्या दिवशी नाक मुरडू नका.

शाईतही आपलं घराणं जुनं आहे. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या पुडीपासून सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन आणि कॅमलची शाई आली. बंगालची सुलेखा १९३४ ची, मधे बंद पडून परत सुरू झाली. रोजच्या लिखाणाला या शाया पुरेशा आहेत. फक्त रॉयल ब्लू ही धुतली जाणारी शाई आहे. अर्ज, पावत्या, निकाहनाम्यावरच्या सह्या असं काही असेल तर बाटलीवर परमनंट लिहिलेली शाई भरा. पावसाच्या एका थेंबाने सही गेलेली बघवत नाही.

दुकानात गेल्यावर

मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि फोर्ट, पुण्यात अप्पा बळवंत चौक, अशा ठिकाणी पेन हातात घेऊन बघता येतो. ऑनलाइन दोनशे रुपये वाचतात, पण निब तपासता येत नाही. आमचा कल दुकानाकडे आहे.

निब शाईत बुडवून लिहू देतात का विचारा. चांगला दुकानदार देतो. मोबाइलचा कॅमेरा झूम करून निबेचं टोक बघा, फोटो काढून मोठा केला तर आणखी बरं. मधली चीर टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे, दोन पाती एका उंचीवर पाहिजेत. एक वर, एक खाली दिसलं तर दुसरा नग मागा, संकोच करू नका. पेन टोपण मागे लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हेने धरा. धातूचे पेन दुकानात भारदस्त वाटतात, पण तीन तासांच्या पेपरला तेच वजन मनगटात उतरतं. आणि लिहिताना दाबू नका. बॉलपेनची सवय असलेला हात दाबतोच, दाबल्याने पाती फाकतात. शाईपेनला आपल्या वजनाखालीच लिहू द्यायचं.

चोर बाजारातले जुने पेन भुरळ घालतात, ‘असली पार्कर’ म्हणून हातात ठेवले जातात. आतली रबरी पिशवी वाळून कडक झालेली असते, निब भलत्याच पेनची असते. दुरुस्त करणारा ओळखीचा असेल तर जरूर घ्या. नसेल तर दुसऱ्या पेनसाठी ही जागा नव्हे.

नवा पेन आल्यावर पहिल्याचं काय करायचं, हे फार जण विचारत नाहीत. त्यात शाई तशीच ठेवून तो ड्रॉवरमध्ये टाकला, तर पाणी उडून जातं आणि रंग चिरेत वाळून बसतो. पाणी निवळ येईपर्यंत तो धुवा, निब खाली करून कपड्यावर रात्रभर उभा ठेवा आणि कोरडा झाल्यावर ठेवून द्या. नाहीतर लाल शाई भरून तपासणीसाठी वापरा. घरात पाचवी-सहावीतलं कुणी असेल, तर त्याच्या हातात द्या.